बुद्धीचे माप आणि मुलामुलींचे वाचन

(वार्षिक स्नेहसंमेलनात, गुणगौरव समारंभानंतर दिलेले व्याख्यान)



आज ज्या विद्यार्थ्यांचा येथे सत्कार झाला त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करून मी माझ्या विषयाकडे वळते. कार्यकारी मंडळाने मला 'मुलांची बुद्धी व वाचन' असा विषय दिला होता. त्यात 'मुली' हा शब्द मी माझ्या पदरचा घातला आहे. 'मुले' म्हटले की त्यात मुली आल्याच, असे आपले चिटणीस म्हणाले, आणि व्याकरणाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. परंतु बुद्धिमापनाच्या इतिहासात 'मुले' म्हटले म्हणजे त्यात मुली आल्याच, असे नेहमी घडलेले नाही. तेच मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम आपल्या घरातलेच बोलू. परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आपल्याकडे दोन वाक्ये ठरलेली असतात. मुलाला गुण कमी पडले तर वडील म्हणतात, "हुशार आहे हो, पण अभ्यासाला बसतच नाही." मुलगी वर्गात वर आली तर तेच वडील म्हणतात, "भारी अभ्यासू, रात्र रात्र जागते." दोन्ही वाक्ये मायेनेच उच्चारलेली असतात आणि बोलणाऱ्याच्या मनात भेदभावाचा लवलेशही नसतो. पण शब्द तोलून पाहावेत. मुलाचे अपयश त्याच्या बुद्धीला धक्का न लावता सांगितले जाते, आणि मुलीचे यश सांगताना तिच्या बुद्धीचा उल्लेख करण्याची गरजच वाटत नाही. ही वाक्ये दाराआडून मुले ऐकत असतात.

ती किती लहान वयात ऐकतात याचा एक पुरावा अमेरिकेत मिळाला. लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिंपियन या संशोधकांनी २०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. पाच, सहा आणि सात वर्षांच्या मुलांना त्यांनी एका 'फार फार हुशार' व्यक्तीची गोष्ट सांगितली. ती व्यक्ती स्त्री की पुरुष, हे गोष्टीत कोठेही नव्हते. नंतर काही अनोळखी स्त्रीपुरुषांची चित्रे दाखवून, यांपैकी ती कोण असावी, असे विचारले. पाच वर्षांच्या मुलग्यांनी बहुधा पुरुषाकडे बोट दाखविले आणि पाच वर्षांच्या मुलींनी स्त्रीकडे, म्हणजे प्रत्येकाला आपापली जात प्रिय. सहाव्या-सातव्या वर्षी मात्र मुलींचे बोट स्त्रीच्या चित्राकडे पूर्वीइतके वळेना. आणि यातली गंमत अशी की, वर्गात चांगले गुण कोणाला मिळतात, असे विचारल्यावर त्याच मुली 'मुलींना' असे उत्तर देत होत्या! गुण आपल्याला मिळतात हे त्यांस ठाऊक होते; पण गुण मिळणे म्हणजे हुशारी नव्हे, हेही त्या शिकल्या होत्या. आपल्याकडील 'अभ्यासू' या शब्दाचे हे अमेरिकन भावंडच म्हणावयाचे.

आता कोणी विचारील, की मुलाच्या आणि मुलीच्या बुद्धीत खरोखरच काही अंतर आहे काय? याचे जितके निर्मळ उत्तर मिळू शकते तितके स्कॉटलंडने दिलेले आहे. १९२१ साली जन्मलेल्या आणि १ जून १९३२ या दिवशी शाळेत हजर असलेल्या जवळजवळ सर्व मुलांना तेथे एकच बुद्धिकसोटी देण्यात आली. अशी ८७,४९८ मुले होती. निवडलेली मुले नव्हेत, हुशार शाळांतील नव्हेत, तर देशातील सगळी. इयन डीअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जुने कागद पुन्हा तपासून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. अकरा वर्षांच्या मुलग्यांची आणि मुलींची सरासरी जवळजवळ तंतोतंत एक होती. फरक आढळला तो एवढाच, की अगदी वरच्या आणि अगदी खालच्या टोकांना मुलग्यांची संख्या थोडी अधिक होती.

मग प्रश्न मिटला, असे आपणांस वाटेल. परंतु कसोटी म्हणजे काही सोनाराचा काटा नव्हे. ती माणसांनी रचलेली प्रश्नपत्रिका असते. कोणते प्रश्न ठेवावयाचे आणि कोणते गाळावयाचे, हे रचणाराच ठरवितो, आणि याच ठिकाणी गोष्ट मनोरंजक होते.

बुद्धिकसोट्यांचे जनक फ्रान्समधील आल्फ्रेड बिने. त्यांनी बुद्धीचा अभ्यास आरंभिला तो आपल्या दोन मुलींच्या निरीक्षणापासून. १८९० च्या सुमारास ते आपल्या घरातच या दोन बहिणींना लहानलहान प्रश्न घालीत आणि दोघींचा विचार करण्याचा ढंग किती निराळा आहे, हे टिपून ठेवीत. पुढे १९०४ साली फ्रेंच सरकारने एक समिती नेमली. सामान्य वर्गात जी मुले मागे पडतात त्यांस कसे ओळखावे, हा तिच्यापुढील प्रश्न होता. त्यातून बिने आणि त्यांचे सहकारी सिमॉन यांची तीस प्रश्नांची पहिली कसोटी १९०५ मध्ये जन्मास आली. बिने मोठे सावध गृहस्थ. आपले माप म्हणजे मुलाच्या कपाळावरील रेघ नव्हे, शिकवणीने बुद्धी वाढते, असे त्यांनी आग्रहाने सांगितले आहे. त्यांना आणखी एक भीती वाटत होती. शिक्षक या संधीचा लाभ घेऊन वर्गात त्रास देणारी मुले तेवढी आपल्याकडे पाठवून देतील, ही ती भीती. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

बिने १९११ साली वारले. त्यांची कसोटी अमेरिकेत लुइस टर्मन यांनी १९१६ मध्ये नव्याने रचली. याच वर्षी इकडे महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापिले, हा केवळ योगायोग. पण स्त्रीबुद्धीचा प्रश्न दोन्हीकडे एकाच काळात ऐरणीवर होता, हे ध्यानात यावे म्हणून सांगते. टर्मन यांना असे आढळले की, तेराव्या वर्षापर्यंत मुलींचा बुद्ध्यंक मुलग्यांहून थोडा अधिकच भरतो. तो काळ पाहता हा निष्कर्ष अनेकांस रुचणारा नव्हता. टर्मन यांनी तो लपविला नाही. स्त्रिया मोठ्या पदांवर दिसत नाहीत याचे कारण बुद्धीबाहेरचे असू शकेल, असेही त्यांनी लिहून ठेवले. हा त्यांचा प्रामाणिकपणा मान्य केलाच पाहिजे.

पुढे १९३७ मध्ये टर्मन आणि मॉड मेरिल यांनी कसोटीची सुधारित आवृत्ती काढली. तेव्हा ज्या प्रश्नांत मुलगे आणि मुली यांच्यांत फार मोठे अंतर पडे, ते प्रश्न अन्याय्य समजून त्यांनी गाळून टाकले. हेतू उत्तम होता. परंतु त्याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. पासंग अगोदरच काढून ठेवलेल्या तराजूत दोन्ही पारडी सारखी राहिली तर त्यात नवल ते काय? अशा कसोटीवरून 'स्त्रीपुरुषांची बुद्धी समान आहे' असेही सिद्ध होत नाही आणि 'असमान आहे' असेही नाही. कोणते प्रश्न 'न्याय्य' मानावयाचे, एवढे ठरविल्याचे मात्र सिद्ध होते. आणि ज्यांनी अंतर पाडणारे प्रश्न गाळले त्यांनी निदान मुलींकडे पाहिले तरी होते.

आपल्या देशाकडे वळले म्हणजे चित्र थोडे बदलते. १९२९ साली सी. हर्बर्ट राइस यांची हिंदुस्थानी कसोटी पुस्तकरूपाने निघाली. तिच्या नावातच पंजाबातील काही ज्ञातींच्या बुद्धीची तुलना केल्याचा उल्लेख आहे. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावर हे सांगताना मला थोडा संकोच वाटतो, कारण 'आपल्या ज्ञातीची मुले उपजतच हुशार' हे वाक्य मी याच सभागृहात अनेकदा ऐकले आहे, आणि त्याला टाळ्या पडलेल्याही ऐकल्या आहेत. असो. १९४० मध्ये व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई इलाख्यातील कानडी आणि मराठी मुलांसाठी बिने-पद्धतीच्या कसोटीचे पुस्तक प्रसिद्ध केले. मराठी मुलांना मराठीतून प्रश्न विचारावयाचे, ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती.

परंतु ज्या भारतीय कसोटीचे नाव मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी सर्वांत अधिक असते, ती चंद्रमोहन भाटिया यांची १९५५ सालची कसोटीमाला. तिची कल्पना फार चांगली होती. आपल्या देशात अक्षरओळख नसलेली मुले पुष्कळ, त्यांस लेखी प्रश्नपत्रिका देऊन काय उपयोग? म्हणून भाटियांनी हाताने करावयाची कामे निवडली: रंगीत ठोकळ्यांची नक्षी जुळविणे, ठोकळे सरकवून जागा बदलणे, आकृती काढणे, ऐकलेले ध्वनी लक्षात ठेवणे, चित्राचे तुकडे जोडणे. वाचता न येणाऱ्यावर अन्याय होऊ नये, एवढी काळजी घेतलेली. ही कसोटी उत्तर प्रदेशातील अकरा ते सोळा वर्षांच्या १,१५४ मुलांवर प्रमाणित करण्यात आली. त्यांत ६४२ साक्षर होते आणि ५१२ निरक्षर. आणि हे सारे, भगिनींनो, मुलगे होते. मुलगी एकही नव्हती.

मी भाटियांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. १९५१ च्या जनगणनेत देशातील पुरुषांची साक्षरता २७.१६ टक्के आणि स्त्रियांची अवघी ८.८६ टक्के होती. ज्या काळात खेड्यातील वयात आलेल्या मुलीस परक्या पुरुषापुढे बसवून ठोकळे जुळवावयास सांगणे दुरापास्त असेल, त्या काळातील हे काम आहे. पण परिणाम काय झाला, तो पाहावा. निरक्षर मुलापर्यंत विज्ञान हात लांबवून पोचले, आणि त्याच्या शेजारी चुलीपाशी बसलेल्या त्याच्या बहिणीपर्यंत पोचले नाही. पुढे तिची किंवा तिच्या लेकीची बुद्धी या मापाने मोजू म्हटले, तर तिची तुलना होणार ती १,१५४ मुलग्यांशी! शिंप्याने सगळी मापे मुलाच्या अंगाची घ्यावीत आणि परकर नीट बसला नाही म्हणून मुलीच्या अंगाला नावे ठेवावीत, तशातला हा प्रकार. त्यापूर्वीच, १९४९ मध्ये, अमेरिकेत वेक्स्लर यांनी मुलांसाठीची आपली कसोटी १,१०० मुलगे आणि १,१०० मुली घेऊन प्रमाणित केली होती. पुढे नागपुरात मालिन यांनी तिचे भारतीय रूपांतर केले आणि ते मराठीतही झाले.

परंतु कसोटी कितीही निर्दोष केली, तरी एक दोष असा उरतो की जो कसोटीच्या कागदावर नसतोच. कसोटीसाठी मूल आणावे लागते. कोणते मूल आणावयाचे, हे कोण ठरवितो?

न्यूयॉर्कमध्ये लेटा हॉलिंगवर्थ नावाच्या एक विदुषी मंदबुद्धी व्यक्तींची तपासणी करणाऱ्या संस्थेत काम करीत होत्या. अशा संस्थांत पुरुष अधिक आढळतात, म्हणून मंदबुद्धी पुरुषांतच अधिक, आणि प्रतिभाही त्यांच्यांतच अधिक, असे त्या वेळी मोठमोठे पंडित म्हणत. हॉलिंगवर्थबाईंनी १९१३ मध्ये आलेल्या व्यक्तींची वये तपासली. मुलगे लहानपणीच आणले जात. स्त्रिया आणल्या जात त्या पुष्कळ मोठ्या वयात. कारण उघड होते. मुलगा बाहेर पडतो, त्याला कामधंदा जमेना की लोकांच्या डोळ्यांवर येतो. मुलगी घरात भांडी घासते, मुले सांभाळते, आणि तेवढे जमले की तिच्यात काही उणे आहे, असे कोणास वाटत नाही. आधार तुटला, नवरा गेला किंवा त्याने टाकले, की मग ती तपासणीस येते. म्हणजे संस्थेच्या नोंदवहीत बुद्धीची मोजदाद नव्हतीच. घरच्यांच्या नजरेची मोजदाद होती.

आता वाचनाकडे या. पाऊणशे वर्षांनी हीच गोष्ट वाचनाच्या बाबतीत पुन्हा उघड झाली. वाचनात अडखळणाऱ्या, म्हणजे ज्यांना आज डिस्लेक्सिया किंवा वाचन-अक्षमता म्हणतात अशा मुलांत मुलगे मुलींच्या तीनचार पट असतात, हे सर्वत्र गृहीत धरले जात होते. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात सॅली शेविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चारशेहून अधिक मुलांचा बालवर्गापासून मागोवा घेतला आणि १९९० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुसरीच्या वर्गात शाळांनी स्वतः होऊन 'याला वाचनाची अडचण आहे' असे ठरविले होते, ते मुलग्यांपैकी १३.६ टक्क्यांच्या बाबतीत आणि मुलींपैकी ३.२ टक्क्यांच्या. म्हणजे चौपटीहून अधिक. पण संशोधकांनी प्रत्येक मुलाची कसोटी स्वतः घेतली, तेव्हा मुलग्यांत ८.७ टक्के आणि मुलींत ६.९ टक्के एवढेच प्रमाण आढळले. शाळेने दाखविलेले अंतर बहुतांशी नाहीसे झाले. शिक्षकांनी ज्यांची नावे दिली होती त्यांच्याविषयी त्याच शिक्षकांचे मत पाहिले, तर ती मुले चुळबुळी, उनाड, वर्गात त्रासदायक अशी होती. बिने यांची भीती खरी ठरली. गोंधळ घालणारा मुलगा तपासणीस गेला. गप्प बसणारी मुलगी गप्पच राहिली.

येथे एक खुलासा केला पाहिजे, नाही तर मी एकाच बाजूची वकिली केल्यासारखे होईल. २००४ मध्ये ब्रिटन आणि न्यूझीलंडमधील चार मोठ्या पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांत वाचनात मागे असलेल्यांत मुलग्यांचे प्रमाण खरोखरच अधिक आढळले. तेव्हा 'दोघे अगदी सारखे' असे म्हणता येत नाही. मुलगे अधिक अडतात, हे खरे. आणि अडलेली मुलगी अधिक लपते, हेही खरे.

ती कशी लपते, हे मात्र मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. प्राथमिक शाळेत वर्षानुवर्षे शिकविणाऱ्या कोणत्याही बाईने हे पाहिलेले असते. तिसरीच्या वर्गातील एक मुलगी. अक्षर मोत्यासारखे, वही नीटनेटकी, वेणीची रिबीन कधी सुटलेली नाही. पाठ वाच म्हटले की उभी राहून खणखणीत आवाजात वाचून दाखवी. एके दिवशी माझे लक्ष तिच्या बोटाकडे गेले. बोट एका ओळीवर होते आणि आवाज पुढच्या ओळीवर! मी तिला म्हटले, "खालून चौथी ओळ वाच बरे." ती थांबली, आणि ओठ न हलविता पहिल्या ओळीपासून मनात म्हणत म्हणत खाली येऊ लागली. संपूर्ण पाठ तिला तोंडपाठ होता. आदल्या दिवशी वर्गात दोघांतिघांनी वाचलेला ऐकून तिने तो पाठ केला होता. एवढी स्मरणशक्ती आणि एवढी युक्ती जिच्यापाशी आहे तिला मंद कोण म्हणेल? पण वाचता तिला येत नव्हते. तिची आई भेटावयास आली तेव्हा म्हणाली, "बाई, ती कामाला वाघ आहे हो. धाकट्याला सांभाळते, स्वयंपाकात हात लावते. वाचनाचं काय, येईल की हळूहळू." त्याच आईने थोरल्या मुलाचे वाचन कच्चे आहे म्हणून दुसरीतच शिकवणी लावली होती, हे मला पुढे कळले. ती माउली दुष्ट नव्हती. एका मुलाचे न वाचणे तिला दिसत होते आणि दुसऱ्याचे कामाच्या आड झाकले जात होते, इतकेच.

मराठी वाचनात लपण्यास जागा पुष्कळ आहे. आपली लिपी उच्चारानुसारी, म्हणून बाराखडी आली की वाचन आले, असे आपण समजतो. पण पहिली वेलांटीच पाहा: ती लिहावयाची अक्षराच्या आधी आणि म्हणावयाची नंतर. रफार द्यावयाचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि उच्चारावयाचा त्याच्या आधी. 'सूर्य', 'पर्वत', 'वाऱ्यावर', 'दुष्काळ' असे शब्द सलग चार आले की खरा वाचणारा आणि पाठ म्हणणारा वेगळे होतात. चित्र झाकावे, मधलीच ओळ विचारावी, घरातील वर्तमानपत्राचा एक मोठ्या अक्षरांतील तुकडा पुढे करावा. पाच मिनिटांत कळते. 'प्रथम' या संस्थेच्या प्रेरणेने २००५ पासून देशातील खेड्यांत जी 'असर' नावाची पाहणी होत आली आहे, तिची रीत थोडीफार अशीच आहे: घरी जाऊन एकेका मुलाला अक्षरे, शब्द, एक परिच्छेद आणि एक छोटी गोष्ट वाचावयास द्यावयाची. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. या पाहणीचा मोठा गुण असा की, घरोघर जाऊन समोर येईल त्या मुलाला वाचावयास देतात. शिक्षकाने पाठविलेल्या मुलाची वाट पाहात नाहीत. त्यामुळे गप्प मुलगीही मोजली जाते.

अशी सर्वांची मोजदाद झाली की मुलग्यांविषयीही एक काळजीची गोष्ट दिसते. २०२३ साली चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींची 'असर' पाहणी २८ जिल्ह्यांत झाली. दुसरीच्या पातळीचा मातृभाषेतील मजकूर ७६ टक्के मुलींना वाचता आला, मुलग्यांपैकी ७०.९ टक्क्यांना. गणितात आणि इंग्रजी वाचनात मात्र मुलगे पुढे होते. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन ४३.७ टक्के मुलग्यांकडे होता आणि १९.८ टक्के मुलींकडे. घरातील इंग्रजी, गणित आणि फोन मुलाच्या वाट्याला. मराठी वाचन मुलीच्या. बुद्धीचा हा वाटा कोणी कागदावर केलेला नाही, तरी तो झालेला आहे. आणि त्यात मुलगाही नागवला जातो. 'वाचत बसणे हे मुलीचे काम' असे ज्याच्या मनाने एकदा घेतले, तो मुलगा पुढे शास्त्राचे पुस्तकही धड वाचू शकत नाही.

मुली वाचनात पुढे असतात, हे जेथे मान्य झाले तेथे त्याचे काय केले गेले, तेही ऐकण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षणकायद्यानंतर अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन निवडक मुलांना ग्रामर स्कूलमध्ये घालीत. मुली अधिक गुण मिळवू लागल्या. तेव्हा अनेक ठिकाणी मुलग्यांची आणि मुलींची यादी वेगळी करण्यात आली. परिणाम असा की, त्याच शाळेसाठी मुलीला अधिक गुण मिळवावे लागत. मुलगे उशिरा फुलतात, त्यांस सवलत हवी, असे समर्थन दिले जाई. उत्तर आयर्लंडमधील अशी पद्धत बेलफास्टच्या न्यायालयाने १९८८ मध्ये बेकायदेशीर ठरविली. मुली मागे पडल्या तर तो निसर्ग, आणि मुलगे मागे पडले तर ती कसोटीची चूक, हा न्याय समुद्रापलीकडेही चालतो, असे दिसते.

आपल्या घरांतून जी बुद्धिकसोटी खरोखर येते ती म्हणजे शिष्यवृत्ती परीक्षा. पूर्वी ती चौथी आणि सातवीला होती, २०१७ पासून पाचवी आणि आठवीला घेतली गेली. तिच्यात 'बुद्धिमत्ता चाचणी' असा भागच असतो. पालक या गुणांकडे फार श्रद्धेने पाहतात. पण ती लेखी परीक्षा आहे. प्रश्न वाचून, अर्थ लावून, घड्याळाकडे पाहात पर्याय निवडावयाचा असतो. जे मूल अडखळत वाचते त्याची वेळ वाचण्यातच संपते, आणि निकालपत्रात मात्र 'बुद्धिमत्ता' या शब्दासमोर कमी आकडा पडतो. आपल्या शिष्यवृत्ती समितीने अर्ज तपासताना हा एकच आकडा पाहू नये, अशी माझी विनंती आहे.

अडखळणाऱ्या मुलासाठी मार्ग नाही, असे नाही. महाराष्ट्र शासनाने १९९६ पासूनच शालान्त परीक्षेत अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांस सवलती देण्यास आरंभ केला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा स्पष्ट समावेश झाला. जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळू शकतो. त्यासाठी रुग्णालयात बुद्धीची आणि वाचन-लेखनाची कसोटी होऊन प्रमाणपत्र घ्यावे लागते. येथेच मला आपल्या मंडळाविषयी स्पष्ट बोलावयाचे आहे. मी ज्या काही घरांत हा विषय काढला तेथे मुलासाठी प्रमाणपत्र घेण्यास पालक कुरकुरत का होईना, तयार झाले. मुलीसाठी तयार झाले नाहीत. एका भगिनीने मला कारण अगदी सरळ सांगितले: "ताई, कागदावर आलं की मग स्थळं कशी यायची? अर्ज तर मंडळाच्या ऑफिसातच द्यायचा ना?" तिचे म्हणणे खोडून काढण्यास माझ्यापाशी उत्तर नव्हते. आपले शैक्षणिक मदतीचे अर्ज आणि वधू-वर सूचक केंद्राच्या नोंदी एकाच खोलीत, एकाच कपाटात असतात, आणि दोन्ही कामे तेच स्वयंसेवक पाहतात. त्यांच्या सचोटीविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु आईला शंका येणार, आणि ती आपल्या मुलीला घेऊन येणार नाही.

म्हणून मी कार्यकारी मंडळापुढे एक सूचना ठेवली आहे. शैक्षणिक मार्गदर्शनाचे कागद वधू-वर केंद्रापासून वेगळे ठेवावेत, वेगळ्या कुलपात, आणि ते पाहणारी माणसेही वेगळी असावीत. दुसरी गोष्ट अशी की, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात दुसरी ते पाचवीच्या मुलामुलींचे वाचन ऐकण्याचा उपक्रम आम्ही काही निवृत्त शिक्षिका सुरू करू इच्छितो. येथे परीक्षा नाही, गुण नाहीत, नाव लिहिण्याची वही नाही. एकेक मूल जवळ बसवून त्याला मोठ्याने वाचावयास लावावयाचे, आणि काही आढळले तर ते फक्त आईवडिलांना सांगावयाचे. ज्या घरात मुलगा आणि मुलगी दोन्ही आहेत, त्यांनी दोघांनाही आणावे. 'तिचे चांगले आहे' असे म्हणून एकाला घरी ठेवू नये. येताना मुलांची पाठ्यपुस्तके मात्र आणू नयेत, ती त्यांस पाठ असतात. पुस्तके आम्ही देऊ.